बारावा थर

एका विज्ञानविषयक नियतकालिकात माझ्या एकट्याच्या नावाने छापलेला एक लेख आहे. त्यात दोन चुका आहेत, एक आकड्याची आणि एक नावाची. लेख पाकिटात घालताना मला दोन्ही माहीत होत्या. गेल्या वर्षी संपादकांना दुरुस्तीचं पत्र पाठवलं, ते तसंच परत आलं. नियतकालिक केव्हाच बंद पडलं होतं. शब्बीरभाईही गेल्या पावसाळ्यात गेले. म्हणून जे तिथे छापायला हवं होतं ते इथे लिहितो. लेखात अकरा थर असं आहे, ते बारा वाचावं. आणि माझ्या नावाच्या आधी एक नाव वाचावं: शेख शब्बीर, ढाणकी.

मी उमरखेडच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होतो. शब्बीरभाईंचं ढाणकीच्या बाजारात दुकान होतं, खताचं दुकान आणि शिंपी यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत. सीडी-डीव्हीडी प्लेअर, टीव्ही, टेप, पुढे मोबाइल, जे बिघडेल ते दुरुस्त करत. शाळा सातवीपर्यंत. अंगाने बारीक, चष्मा कपाळावर ढकललेला, आणि तो शोधताना अर्ध्या बाजाराला कामाला लावणारे.

दुरुस्तीला आलेल्या यंत्रावर ते कागदाची पट्टी चिकटवत. तिच्यावर बिघाड लिहायचा तो गिऱ्हाइकाच्याच शब्दांत, असा त्यांचा नियम होता. दुकानाच्या फळीवर नजर फिरवली की वाचायला मिळे: ‘मधातच अडकते.’ ‘बाई दिसते, आवाज माणसाचा येते.’ ‘सासू आली का बंद पडते.’

मी विचारलं, “हे शेवटचं काय आहे?”

“खरंच हाय ते, सर. म्हातारी चालते धाडधाड. फळी हलते, लेन्स जागा सोडते. माणूस सांगते ते बरोबरच सांगते. आपल्याले आयकता आलं पाह्यजे.”

लेन्सच्या बाबतीत मात्र ते फार कडक. धूळ उडवायला त्यांच्याकडे रबरी फुगा होता. कोणी तोंडाने फुंकर मारली की ओरडत, “थूक नका पाजू तिले!” आणि दुरुस्त झालेलं प्रत्येक यंत्र ते एकाच डिस्कवर तपासत. ढाणकीतल्याच कुणाच्या तरी लग्नाची ती डिस्क होती, न्यायला कोणी आलं नव्हतं. दहा-बारा वर्षांत ते लग्न त्यांनी इतक्या वेळा पाहिलं की त्यातला प्रत्येक वऱ्हाडी त्यांना पाठ झाला. बाजारात एकदा एका बाईंना त्यांनी अदबीने सलाम केला. बाई बुचकळ्यात पडल्या. मला हळूच म्हणाले, “वयखत नाई मी त्यायले. पण तीनदा जिलेबी घेतली व्हती त्यायनं.”

त्यांची एक सवय मला आजही टोचते. कुठलंही यंत्र उघडलं की झाकणाच्या आतल्या बाजूला ते पेन्सिलीने नावं लिहीत. आधी कुणी दुरुस्ती केली असेल तर त्याचं नाव पहिलं, मग स्वतःचं. गिऱ्हाइकाला विचारून, आठवायला लावून लिहीत. आधीच्या माणसाने काम बिघडवून ठेवलं असलं तरी लिहीत.

मी म्हणालो, “हे कोण वाचणार आहे, शब्बीरभाई? झाकण लागलं की संपलं.”

“पुढचा खोलन तो वाचन न. जो पहिले खोलते त्याले अंधारात चाचपडा लागते, सर. दुसऱ्याचं काम सोपं असते. मंग त्याचं नाव गायब करून आपलं लिवाचं म्हंजे...” ते स्क्रू फिरवत राहिले.

त्यांची माझी ओळख त्यांच्या मुलीमुळे झाली. रुखसाना बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला माझ्या वर्गात होती. एकदा प्रात्यक्षिक संपल्यावर ती थांबली. म्हणाली, “सर, अब्बूंनी एक प्रश्न विचारायला सांगितलाय. तुम्ही हसाल.”

“विचार की.”

“डीव्हीडीत एकाखाली एक दोन थर असतात. लेन्स जरा वर होते तर वरचा वाचते, जरा खाली होते तर खालचा. अब्बू म्हणतात, मग दोनच का? बारा का नाही?”

मी हसलो नाही. मी त्याच प्रश्नाभोवती चार वर्षं फिरत होतो. साध्या सीडीवर माहिती एकाच पातळीवर लिहिलेली असते, एकमजली घरांच्या गावासारखी. गाव वाढलं की जागा संपते. तेवढ्याच जागेत मजल्यावर मजले चढवले आणि प्रकाशाला हव्या त्या मजल्यावर नेमकं उतरवता आलं, तर बोटाएवढ्या तुकड्यात ग्रंथालय मावेल. याला त्रिमितीय प्रकाशीय साठवण म्हणतात. परदेशी प्रयोगशाळांत यावर काम चालू होतं, पण आमचं कॉलेज विकलं तरी येणार नाहीत अशा लेसरवर. मी पन्नाशीत पीएच.डी.ला नाव नोंदवलं होतं आणि माझ्या वहीत गणितं सोडून काही नव्हतं. पुढच्या रविवारी मी ढाणकीची एसटी पकडली.

शब्बीरभाई मला पाहून उभे राहिले. “खुद्द आले? मी पोरीले म्हटलं व्हतं, सरायले इचारून ये. सरायले घेऊन ये नव्हतं म्हटलं.”

“बारा हा आकडा कुठून काढला?”

“दोन त कंपनीनं केले, सर. मंग आपण कराचं त जरा इज्जतीचा आकडा पाह्यजे का नाई?”

त्यानंतर दीड वर्ष दर रविवारी ते उमरखेडला येत राहिले. येताना पिशवीत जेवणाचा डबा आणि जुन्या ड्राइव्हचे सांगाडे. जांभळ्या प्रकाशाचा लेसर त्यांनी एका भंगार ड्राइव्हमधून काढला. लेन्स आणि तिला वर-खाली हलवणारी तारेची गुंडाळी दुसऱ्यातून. माहिती लिहायला आम्ही प्रोजेक्टरच्या पारदर्शक शीट वापरल्या. त्यांचे नखाएवढे चौकोन कापायचे आणि पुस्तकातल्या ओळी रंगवायच्या चमकत्या पेनची शाई सुईच्या टोकावर घेऊन ठिपके द्यायचे. ठिपका आहे म्हणजे एक, नाही म्हणजे शून्य. जांभळा प्रकाश ठिपक्यावर पडला की तो हिरवट उजळतो. परत येणाऱ्या उजेडातला जांभळा गाळायला फोटो स्टुडिओतला पिवळा जिलेटिन कागद. ठिपके वाचून अक्षरं पडद्यावर आणणारा प्रोग्राम रुखसानाने लिहिला.

एक शीट वाचता आली. दोन आल्या, तीनही आल्या. चौथ्या शीटला सगळं धुकं. शीट आणि शीट यांच्या मध्ये हवा राहते, प्रत्येक पृष्ठभागावरून थोडा प्रकाश उलटा फिरतो, आणि चार मजले उतरेपर्यंत कुठला उजेड कुठून आला ते कळेनासं होतं. हे मला गणिताने आधीच माहीत होतं. उपाय माहीत नव्हता. डिंक लावून पाहिला, शाई फुटली. बाजारातला गोंद लावला, शीट वाकड्या झाल्या. सहा महिने आम्ही चौथ्या मजल्यावर अडकून होतो. लेसर आणि लेन्स बसवलेल्या आमच्या पेटीवर शब्बीरभाईंनी कागदाची पट्टी लावून टाकली: ‘सर म्हणतात, धुकं पडते.’

एका सकाळी मी कॉलेजात पोचतो तर ते फाटकाशी उभे. वार मंगळवार. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली.

“आज दुकान बंद?”

“सर, पयले हे पाहा. काल पोट बिघडलं व्हतं म्हणून एरंडेल घ्याले बसलो. सांडलं काउंटरवर. तिथं आपल्या दोन शीटा पडल्या व्हत्या, त्यायच्या मधात गेलं. जिथं तेल गेलं तिथं दोन शीटायची एकच झाली. खालच्या पेपरातली बारीक अक्षरं वाचली म्या. लगन लागलं, सर, लगन!”

“आणि पोट?”

“पोटाचं काय घेऊन बसले? तेल इथं आणलं न सगळं!”

काम तेवढंच होतं. एरंडेल प्रकाशाला जवळपास प्लॅस्टिकइतकंच वळवतं. मध्ये हवेऐवजी ते आलं की प्रकाशाला हद्द ओलांडल्याचं फारसं कळत नाही आणि तो उलटा फिरत नाही. पाण्यात बनवलेली शाई त्यात विरघळतही नाही. हे सगळं मी नंतर फळ्यावर सिद्ध केलं, मोठ्या थाटात. पण पुस्तकं मी वाचली होती आणि तेल त्यांना सुचलं होतं. किती तेल घालायचं, हेही त्यांच्याच बोटांना कळायचं. कमी पडलं तर बुडबुडा राही, जास्त झालं तर शीट घसरे. माझ्याकडून दोन्ही व्हायचं. त्यांच्याकडून एकदाही झालं नाही.

थर चढत गेले. सात, नऊ, मग एका दुपारी बारा. कोणत्या थरात काय लिहायचं हे शब्बीरभाईंनी ठरवलं होतं. प्रत्येक थरात एक नाव. प्रयोगशाळा उघडून देणारे शिपाईदादा, भंगार देणारा दुकानदार, जिलेटिन कागद देणारा फोटोवाला, रुखसाना, असे बारा जण. माझं नाव सगळ्यात वर.

“तुमचं वरती, सर. पयले तेच दिसन. माह्यं पायथ्याले.”

“पायथ्याला का?”

“खालचं वाचता आलं त वरचं सगळं खरं म्हणाचं.”

लेन्स हळूहळू खाली उतरत गेली आणि पडद्यावर एकेक नाव उमटत गेलं. बारावी ओळ पुरी झाली तेव्हा रुखसाना टाळ्या पिटत होती आणि शिपाईदादांनी खिडकी उघडून अंगणात ओरडून सांगितलं, कुणाला कोण जाणे. शब्बीरभाई तीन वेळा मोजणी करायला लावून मगच हसले. म्हणाले, “आता कंपनीले सांगा म्हणा, ढाणकीचे बारा चालले.” यवतमाळ जिल्ह्याच्या एका टोकाला, आठवड्याच्या सुट्टीत, भंगारातून हे झालं होतं. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं याचा मला आजही अभिमान वाटतो. त्या अभिमानावर माझा हक्क किती, हा प्रश्न वेगळा.

आता पुढचं लिहायचं आहे ते न टाळता लिहितो.

विद्यापीठात पीएच.डी.चं सादरीकरण ठरलं. त्याच्या आदल्या आठवड्यात स्टाफरूममध्ये एक सहकारी चहा ढवळत म्हणाले, “काय सर, मार्गदर्शक म्हणून कोणाचं नाव टाकलं? ढाणकीच्या सीडीवाल्याचं?” सगळे हसले. मीही हसलो. घरी जाईपर्यंत ते हसू माझ्या तोंडावर तसंच राहिलं होतं. मला दिसू लागलं की विद्यापीठाच्या सभागृहात पडद्यावर एकेक नाव उमटतंय, आणि शेवटी, जिथे सगळं काम सिद्ध होतं तिथे, ‘शेख शब्बीर, ढाणकी’ येतं. कोणीतरी विचारणार, हे कोण? मग मला सांगावं लागणार. तेल कुणाचं, लेन्स कुणाची, प्रश्न मुळात कुणाचा.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी प्रयोगशाळेत एकटा होतो. बारा शीटांचा ठोकळा पेटीतून काढला, चिमट्याने तळाची शीट हळूच सरकवली आणि वेगळी केली. तेल होतंच, अजिबात जोर लागला नाही. शीट रुमालाने पुसली. ठिपके कापडावर हिरवट उतरले. बाकीची नावं मी राहू दिली. शिपायाच्या नावावरून कोणाला कसला संशय येणार होता?

सादरीकरणात एका परीक्षकांनी विचारलं, “अकराच का? पुढे काय अडचण आली?” मी म्हणालो, “त्याखाली वाचन विश्वसनीय राहत नाही.” हेच वाक्य पुढे लेखात छापलं गेलं. ते खोटं आहे. बारावा थर स्वच्छ वाचता येत होता, प्रत्येक वेळी.

पदवी मिळाली. कॉलेजने सत्कार ठेवला. शब्बीरभाई इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, हार घेऊन आले. मंचावर माझं भाषण झालं, त्यात ‘तांत्रिक मदत करणाऱ्या सर्वांचे’ मी आभार मानले. नंतर टेबलावरचा ठोकळा लोकांना दाखवला. पडद्यावर अकरा ओळी आल्या आणि थांबल्या. शब्बीरभाई पहिल्या रांगेत होते. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, ठोकळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, “तेल जरा जास्त झालं वाटते, सर. खालचा सरकला.”

मी म्हणालो, “हो. तसंच झालं.”

त्यांनी मान हलवली आणि हार माझ्या गळ्यात घातला.

रुखसाना मात्र दोन दिवसांनी स्टाफरूमच्या दारात आली. आत आली नाही. “सर, अब्बूंच्या हातून तेल कधीच जास्त झालं नाही. तुम्हाला माहीत आहे.” मी वर्तमानपत्र वाचत असल्यासारखं केलं. ती निघून गेली. पुढे ती शिक्षिका झाली, माझ्याशी बोलायची ती कामापुरतंच.

शब्बीरभाई मात्र बदलले नाहीत. रविवार बंद झाले, पण मी कधी ढाणकीला गेलो की चहा मागवत. एकदा त्यांनी मोबाइलवर मला एक बातमी दाखवली. परदेशात आता नुसत्या काचेच्या पोटात लेसरने ठिपके लिहितात, थरावर थर, शेकडो वर्षं टिकतील असे. मला वाटलं त्यांना वाईट वाटलं असेल. ते तर फुलून आले होते. “पाह्यलं का सर? शीट नाई, तेल नाई, सरळ काचेत! म्हंजे आपला रस्ता बरोबर व्हता. आपण पायदळ निंघालो व्हतो आन् हे इमानानं गेले, एवढाच फरक.” शिंप्याला, खतवाल्याला, सगळ्यांना त्यांनी ती बातमी वाचून दाखवली. “आमचं आन् सरायचं हेच काम व्हतं,” असं सांगत. मी तिथेच स्टुलावर बसलो होतो. ‘आमचं आन् सरायचं’ हे शब्द ऐकून मी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

निवृत्तीला बरीच वर्षं झाल्यावर, गेल्या हिवाळ्यात, कॉलेजच्या प्राचार्यांचा फोन आला. विज्ञान प्रदर्शन आहे, तुमचा तो अकरा थरांचा ठोकळा मांडतोय, उद्घाटनाला या. मी फोन ठेवला आणि ढाणकीला गेलो. शब्बीरभाई थकले होते. हात थरथरत होते, पण स्क्रू हातात घेतला की थांबत.

मी बसलो नाही. उभ्यानेच म्हणालो, “शब्बीरभाई, तेल जास्त झालं नव्हतं.”

“मालूम हाय, सर. तेल मीच टाकलं व्हतं.”

“मी शीट काढली. तुमच्या नावाची.”

“तेही मालूम हाय.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“तुमी सांगसान म्हणून थांबलो.” चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. “बसा न. आता उभं राहून काय फायदा? एक सांगू का? नावाचा राग एक-दोन वर्स राह्यला, मंग गेला. पण तुमी लोकायले सांगतलं का बाराव्याचं वाचता येत नाई. ते नाई गेलं, सर. चालत व्हता तो. तीनदा मोजला व्हता आपण. चालणाऱ्या वस्तूले बंद म्हणाचं, हे कोन्या मिस्त्रीनं करू नये.”

मी म्हणालो, “उद्घाटनाला चला. मी तिथे सगळ्यांसमोर सांगणार आहे.”

“मले कायले नेता? तुमचं तुमी सांगजा.”

“तुम्ही नसाल तर मी पुन्हा पळवाट काढीन.”

यावर ते खळखळून हसले. “हे मात्र खरं बोलले. चला मंग.”

सभागृहात मी लिहून नेलेलं भाषण खिशातच ठेवलं. जे घडलं ते क्रमाने सांगितलं. प्रश्न, एरंडेल, बारा नावं, चिमटा, रुमाल, परीक्षकांना दिलेलं उत्तर. प्राचार्य खाली बघत होते. मागच्या बाजूला रुखसाना उभी होती, आपल्या शाळेतली मुलं घेऊन आलेली. मी संपवल्यावर टाळ्या वाजल्या नाहीत, आणि ते योग्यच होतं. मग मधल्या रांगेतली एक मुलगी उठली. म्हणाली, “सर, मग बारावा आता दाखवता येईल का?”

मी शब्बीरभाईंकडे पाहिलं. ते केव्हाच उठले होते. “पेन कोनाजवळ हाय? चमकते ते. आन् मेडिकलमधून एरंडेल आणा कोनी तरी. लहान बाटली आणजा, कोनाले प्याचं नाई.”

सभागृह हसलं.

पुढचा तासभर प्रदर्शनाचं बाकी सगळं सोडून तीस-चाळीस विद्यार्थी एका टेबलाभोवती गोळा झाले. शब्बीरभाईंनी जुना ठोकळा उघडला, सुकून पिवळं पडलेलं तेल पुसलं, शीट एकेक करून मांडल्या. पुसट ठिपके सुईने पुन्हा ठळक केले. तळाची शीट नव्याने लिहायला घेतली. मी जवळ जाऊन वाकून पाहू लागलो, तर ते मान वर न करता म्हणाले, “सर, जरा सरका. खिडकी झाकून राह्यले तुमी.”

मी सरकलो. दाराशी जाऊन उभा राहिलो. तिथून मला मुलांच्या डोक्यांमधून त्यांचं पांढरं डोकं आणि सुई धरलेला हात तेवढा दिसत होता. हात थरथरत नव्हता. थोड्या वेळाने रुखसाना माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. या वेळी ती गेली नाही.

खिडक्यांचे पडदे ओढले गेले. लेन्स उतरू लागली. पडद्यावर पहिलं नाव आलं, माझं. मग दुसरं, तिसरं. मुलं मोठ्याने मोजू लागली. दहा. अकरा. आणि तिथे, इतकी वर्षं ऐकलेला आकडा आल्यामुळे असेल, सगळ्यांनी टाळ्या सुरू केल्या.

शब्बीरभाईंनी मागे न वळता एक हात वर केला.

“थांबा रे पोरायनो,” ते म्हणाले. “खाली अजून एक हाय.”